उत्तरापुरती जागा

“धानाच्या बांधीत तेरा बगळे बसले होते. सहा उडून गेले. मग किती राहिले?”

शामकलाबाईंनी मोबाइलकडे बघून विचारलं आणि त्या गप्प झाल्या.

समोरचे बाक रिकामे होते. शनिवारची सकाळची शाळा केव्हाच सुटली होती. पुस्तकांच्या गठ्ठ्याला टेकवलेल्या मोबाइलमागे शाळेतले तरुण शिक्षक इंद्रकुमार सर श्वास रोखून उभे. बाईंची नजर पहिल्या बाकावरून निघाली, सावकाश शेवटच्या बाकापर्यंत गेली, आणि मग कुठे त्या म्हणाल्या, “सात. शाब्बास!”

इंद्रकुमारांनी कपाळावर हात मारला.

“मॅडम, पुन्हा थांबल्या तुम्ही. अकरा सेकंद. काऊन थांबता? समोर कोणी आहे का?”

“नाही ना.”

“मग शाबासकी कोणाले देऊन राहिल्या?”

बाई हसल्या, पण ओशाळून. याच व्हिडिओची ही चौथी खेप होती.

जूनमध्ये तालुक्याने प्रत्येक शिक्षकाकडून वर्षभराची तंत्रज्ञानाची उद्दिष्टं लिहून घेतली होती. शहाण्यासुरत्या मंडळींनी ‘टीव्हीचा नियमित वापर’ असं लिहून हात झटकले. बाईंनी लिहिलं, दुसरीच्या गणिताचे स्वतः तयार केलेले दहा व्हिडिओ. देवरीला तालुक्याच्या बैठकीत ते वाचून दाखवलं, तेव्हा मागून कोणीतरी म्हणालं, “मे महिन्यात रिटायर होऊन राहिल्या बाई. त्याहिले कायले त्रास देता?” सभागृह खोखो हसलं. ते हसू बाईंच्या फार जिव्हारी लागलं. चौतीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी कधी काम अर्धवट टाकलं नव्हतं, आणि शेवटच्या वर्षी तर मुळीच टाकायचं नव्हतं.

त्यांनी मोबाइल शिकून घेतला. उजेड कुठून यावा, पंखा कधी बंद करावा, सगळं शिकल्या. दहा व्हिडिओ झाले, पालकांच्या ग्रुपवर गेले, तालुक्यालाही गेले. तालुक्याहून मात्र दहाच्या दहा परत आले, एकाच शेऱ्यासकट: मध्ये मध्ये आवाज नाही, दुरुस्त करून पाठवा. शेवटची तारीख सोमवार.

“तुमच्यानं हे होणार नाही,” इंद्रकुमार शेवटी म्हणाले. पोरगा गोंदिया शहरातला, तोंडाचा फटकळ पण मनाचा चांगला. “थांबलेलं सगळं मीच कापून टाकतो. एक घंट्याचं काम आहे.”

“कापा,” बाई म्हणाल्या.

तासाभरात दहाही व्हिडिओ निम्मे झाले. पडद्यावरच्या बाई आता चुलीवर दूध ठेवून आल्यासारख्या भराभर बोलत होत्या. किती राहिले, सात. किती राहिले, नऊ. खऱ्या बाई खुर्चीवर बसून ते बघत होत्या आणि त्यांना दुधराम गुरुजी आठवत होते.

बोदलकशाच्या तलावाकाठी त्यांचं बालपण गेलं. वडील मासेमारी करायचे. शामकला वर्गात सगळ्यांत सावकाश. उत्तर यायचं, पण पायऱ्या चढत यावं तसं, आणि तोवर दुसऱ्याच कोणीतरी ते ओरडून सांगितलेलं असायचं. गुरुजींनी हे हेरलं. मग ते प्रश्न विचारायचे, तोंडावर बोट ठेवून हुशार पोरांना गप्प करायचे आणि दारात जाऊन तलावाकडे बघत उभे राहायचे. जणू प्रश्न विचारलाय हेच ते विसरले. शामकलाचं उत्तर आलं की पाठमोरेच म्हणायचे, “आलं का? या, आत या.” ते उत्तराला बोलावत होते की आणखी कोणाला, हे बाईंना कधी कळलं नाही. पण किती गोड वाटायचं ते!

“पाठवू ना मॅडम?” इंद्रकुमारांनी विचारलं.

“पाठवा.”

सोमवारी सकाळीच निरोप आला. दहापैकी दहा, अभिनंदन. बाईंना आनंद झाला. खोटं कशाला बोलायचं, खूप झाला. त्यांनी तो निरोप तीनदा वाचला आणि वर्गात जाऊन टीव्हीवर मंजूर झालेला पहिला व्हिडिओ लावला.

पोरं खुशीत बघू लागली. बाई मागे भिंतीशी उभ्या होत्या. शेवटच्या बाकावर खुशबू बसली होती. पडद्यावर प्रश्न आला तशी तिने बोटं उघडली, एक मिटलं, दुसरं मिटलं, आणि टीव्हीने उत्तर सांगून टाकलं. दुसऱ्या प्रश्नाला पुन्हा बोटं उघडली, पुन्हा तेच झालं. चौथ्या प्रश्नाला तिने हात उचललेच नाहीत. मांडीवर ठेवून ती नुसती बघत राहिली.

बाईंनी टीव्ही बंद केला. त्यांना स्वतःचाच राग आला होता.

मधल्या सुट्टीत त्या इंद्रकुमारांकडे गेल्या. “सर, तालुक्याला कळवा. कापलेले व्हिडिओ माझे नाहीत. माझे ते आधीचे.”

“पगला गए क्या मॅडम? मंजूर झालेलं कोणी वापस घेते का? सीधा शून्य पडेल तुमच्या नावापुढं.”

“पडू दे.”

“आन् बैठकीत हसतील ते?”

“हसतील,” त्या म्हणाल्या. “मला वाईटही वाटेल. पण तुम्ही कळवा.”

शून्य पडलं, आणि मार्चच्या बैठकीत ते मोठ्याने वाचूनही झालं. कोणी हसलं नाही, उलट कीव केली, आणि ती जास्त टोचली. वर्गात जुने व्हिडिओ पुन्हा सुरू झाले. खुशबूचं उत्तर कधी वेळेत यायचं, कधी नाही. फार काही बदललं असं बाईंना छातीठोकपणे सांगता आलं नसतं.

एप्रिलच्या एका दुपारी त्या बस धरायला गावाबाहेर निघाल्या होत्या. खुशबूच्या घरावरून जाताना कुंपणाआडून त्यांना स्वतःचाच आवाज ऐकू आला.

“कोंबडीखाली पंधरा अंडी होती. आठ फुटली. किती राहिली?”

अंगणात मोहफुलं वाळत घातली होती. त्यांच्या कडेला खुशबूची आई अल्का एकटीच बसली होती. खुशबू आत्याकडे गेल्याचं बाईंना माहीत होतं. मोबाइल सुपाला टेकवलेला. अल्का फुलांतला कचरा निवडायची थांबली होती आणि अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरवत होती.

“सहा,” ती हळूच म्हणाली.

“सात,” मोबाइलमधून आलं.

“हात् तुझी!” अल्काने जीभ चावली, ओढणीला हात पुसून व्हिडिओ मागे घेतला आणि पुन्हा ऐकू लागली.

तेवीस वर्षांपूर्वीही बाई याच गावच्या शाळेत होत्या. लग्नानंतरही याच माहेरच्या घरात राहिलेली अल्का तेव्हा दुसरीत. दिवाळीच्या सुट्टीनंतर ती आलीच नाही, धाकट्या भावाला सांभाळायला घरी राहिली. बाई तिला न्यायला दोनदा याच अंगणात आल्या होत्या. तिसऱ्यांदा आल्या नाहीत. त्या वर्षी वर्गात साठ पोरं होती. एका पोरीसाठी किती खेपा घालायच्या, असं तेव्हा त्यांनी स्वतःला सांगितलं होतं.

अंगणात पुन्हा शांतता झाली. अंगठा पेरांवरून पुन्हा फिरू लागला.

हमरस्त्यावर देवरीची बस येऊन थांबली, कंडक्टरने ओळखीच्या बाईंना हात करून हाक मारली. बाईंनी वळून त्याला हातानेच सांगितलं, जा, आणि त्या कुंपणाशी तशाच उभ्या राहिल्या.