उतरण्याआधीचे तीन श्वास

हिमाचलातल्या धरणात पाण्याचं तापमान चार अंश होतं. नागपूरच्या एका ठेकेदाराचा पाणबुड्या गोविंदा त्या दिवशी दुसऱ्यांदा खाली उतरला. अठ्ठावीस मीटरवर, विसाव्या मिनिटाला, त्याच्या तोंडातला रेग्युलेटर, सिलिंडरची हवा श्वासाला पुरवणारं यंत्र, आतून गोठला आणि उघडाच राहिला. सिलिंडरमधली हवा धो धो वाहून गेली. ती संपायच्या आत गोविंदा वर आला, दाब उतरायला मधे न थांबता. रक्तात झालेल्या बुडबुड्यांनी पाठीचा कणा धरला. कमरेखाली आता त्याला काही कळत नाही.

ठेकेदाराच्या अपघात अहवालात कारण एका वाक्यात होतं: पाणबुड्या घाबरून घाईने वर आला. साक्षीदार म्हणून सही होती गोविंदाला शिकवणाऱ्या लहानू उस्तादांची.

लहानूंनी नागपूरजवळच्या कोराडीत अकरा पाणबुडे तयार केले. त्यांचं नेहमीचं काम वीजकेंद्राकडे पाणी ओढणाऱ्या जाळ्या साफ करण्याचं. तिथलं पाणी जानेवारीतही झोंबत नाही. उस्तादांची शिकवण अशी: काठावर रेग्युलेटर तोंडात घ्यायचा, तीन खोल श्वास घ्यायचे, बटन दाबून हवेचा फवारा सोडायचा, मगच बुडी. यंत्र चालू असल्याची खात्री. बर्फासारख्या पाण्यात हीच खात्री घात करते. श्वासातली वाफ यंत्रात बसते, जोरात सुटणारी हवा ते आणखी गार करते आणि बर्फ धरतो.

धरणाच्या इंजिनिअरने हे आधीच लिहून पाठवलं होतं. ठेकेदाराचे मॅनेजर चंपतराव यांनी तो कागद लहानूंना दिला. "पाणी पाणीच असते," म्हणून लहानूंनी तो न वाचता खिशात घातला. वाचला तो अपघातानंतर.

फेब्रुवारीत दुसरी तुकडी त्याच धरणावर निघाली; तिच्यात उस्तादांचाच चेला पिंटू होता. आदल्या दिवशी गोविंदाने उस्तादांना घरी बोलावलं.

"मी घाबरलो नव्हतो, उस्ताद."

"मालूम आहे गा मले."

"मंग सही काहून केली?"

गोविंदाची बायको काजल त्याची कूस बदलत होती. "बोला ना," ती म्हणाली. "लोकं यायले कोराडीचा मगर म्हणत. आता म्हणून राहिले, मगर थंडीनं पळाला."

"दवाखान्यात बाजूच्या खाटेवर फौजेतला पाणबुड्या होता," गोविंदा म्हणाला. "त्यानं सांगतलं, वरच श्वास घेतला म्हणून गोठला. पिंटू उद्या जाऊन राहिला. त्याले सांगतलं का तुमी?"

"नाही."

गोविंदाने पिंटूला फोन लावला, आवाज मोठा केला.

"बोल बे," पिंटू म्हणाला. "पलंगावरून ड्युटी लावतं का?"

"उद्या वर श्वास घेऊ नको. बटनही दाबू नको."

"येडा झाला का? उस्तादानं काय शिकवलं?"

"उस्ताद इथंच आहे."

लहानूंनी फोन घेतला. "बराबर सांगते तो. रेग्युलेटर कोरडा ठेव, उतरेपर्यंत गरम खोलीत ठेव. डोकं पाण्याखाली गेल्यावरच पहिला श्वास. सिलिंडरमदी कोरडी हवा भरून घे. दोन रेग्युलेटर, दोन वेगळ्या तोट्यांवर लाव. एक गोठला, त त्याची तोटी बंद कर अन् दुसरा तोंडात घे."

"हे तुमाले कवा कळलं?"

"कागद आला होता."

"कवा?"

"गोविंदा जायच्या आधी."

काजलचा हात थांबला. पलीकडून पिंटू "ठीक आहे" म्हणाला आणि फोन ठेवला.



"आता चंपतरावले लावा," गोविंदा म्हणाला. "हेच सांगा."

"आठ पोरं शिकून राहिले गा माह्याजवळ. माह्यं नाव गेलं त त्यायले कोण काम देईन?"

"अन् माह्यं नाव?"

लहानू उठले. चपला घालताना त्यांनी "येतो वं" म्हटलं. काजलने "या" म्हटलं नाही.

पिंटू चौदा दिवसांनी धडधाकट परतला. चंपतरावांना लहानूंचा फोन गेलाच नव्हता; ते खूश झाले. थंड पाण्याच्या कामावर जाणाऱ्या सगळ्या पोरांचं प्रशिक्षण त्यांनी लहानूंकडे सोपवलं. पहिल्याच वर्गात एका नव्या मुलाने विचारलं, "उस्ताद, आपल्यातल्या कोणाचा रेग्युलेटर गोठला का कधी?"

"नाही," लहानू म्हणाले, आणि पुढचा मुद्दा सांगायला लागले.