न दाखवलेलं घर

“बाबा, मधे येऊ नका. व्हिडिओत तुम्ही दिसताय,” सून म्हणाली, तसे एजंटकाका मुकाट्याने गॅलरीत जाऊन उभे राहिले.

चाळीस वर्षं त्यांनी घरं दाखवली. गिऱ्हाइकाला आधी जिन्यापाशी थांबवून विचारायचं, माणसं किती, म्हातारं कुणी आहे का, चढणं कुणाला झेपत नाही का. मग घराची खोड आधी सांगायची आणि कौतुक मागाहून. त्यापायी कितीतरी सौदे बोंबलले, पण शिव्या कधी खाल्ल्या नाहीत. पुढे गुडघ्यांनी संप पुकारला आणि धंदा सुनेच्या फोनमध्ये गेला. पोरगी हुशार, दोन खोल्यांचा राजवाडा करून दाखवायची.

“बाथरूमचं दार अरुंद आहे, तेवढं सांग त्यात,” काका गॅलरीतून म्हणाले. “दोन्हीकडे खांब आहेत, रुंदही करता येणार नाही.”

“अहो बाबा, असं सांगून कोण घर विकतं? कुणी विचारलं तर सांगू की.”

कुणी विचारलं नाही. परगावच्या एका बाईंनी व्हिडिओ बघून आठ दिवसांत घर घेऊन टाकलं. त्यांना एक फोन करावा, असं काकांच्या मनात रोज यायचं. पण सुनेला वाईट वाटेल म्हणून आज करू, उद्या करू म्हणता म्हणता राहूनच गेलं.

किल्ली द्यायला मात्र ते हट्टाने स्वतः गेले. टेम्पोतून सामान उतरत होतं. बाई आल्या त्या आपल्या आईची चाकांची खुर्ची ढकलतच. काकांनी कुलूप काढून दार उघडलं.

खुर्ची बाथरूमच्या चौकटीला टेकली आणि थांबली. बाईंनी ती तिरकी करून पाहिली, मागे घेऊन पाहिली. चाक काही आत जाईना.

“व्हिडिओत केवढं मोठं दिसत होतं हो!” बाई रडकुंडीला आल्या. “होतं नव्हतं ते सगळं घातलंय या घरात. काका, तुम्हाला माहीत होतं?”

“होतं,” काका म्हणाले.

“अगं, त्यांना कशाला बोलतेस?” आजी म्हणाल्या. “त्यांनी कुठे दाखवलंय आपल्याला घर?”

आजी चांगल्या मनाने बोलल्या होत्या. काकांना तेच सगळ्यात जास्त लागलं.

“द्या ती किल्ली,” आजींनी हात पुढे केला.

काकांनी किल्ली त्यांच्या तळहातावर ठेवली. गिऱ्हाइकाच्या डोळ्यांकडे न बघता किल्ली देण्याची त्यांची ती पहिलीच वेळ होती.