नईशे विमानाची निळी बॅग

मी खरं सांगते ते कुणाला पटतच नाही. बॅगेनं विमान पाहिलं म्हटलं की लोक फिदीफिदी हसतात. हसा. मी निळी बॅग बोलतेय, अमळनेरजवळ राहणाऱ्या बन्सीलालच्या घरातली. विमान नुसतं पाहिलंच काय, मी त्यात बसून आलेय.

आफ्रिकेतल्या एका लहानशा देशानं मोठ्या हौसेनं स्वतःची विमान कंपनी काढली. नाव ठेवलं नईशे, तिकडच्या एका पक्ष्याचं. विमान एकच, तेही भाड्याचं न् जुनं. पण त्याच्या शेपटीवर पिवळा पक्षी रंगवला तेव्हा म्हाताऱ्या बायका ढोलावर नाचल्या म्हणे. तोच पक्षी, तेच नाव माझ्या अंगावर छापून कामगारांना वाटायला मला शिवलं.

मी आले डिंपलच्या वाट्याला. बन्सीलालची पोर, विमान दुरुस्तीचं शिकलेली. ग्रीसनं काळ्या झालेल्या हातानं मला उचलायची. तिनं बापाला तिकडे बोलावून सगळं दाखवलं. तो परत निघाला तेव्हा मला त्याच्याजवळ दिलं. खिडकीतून त्याला लेक दिसली, पंखाजवळ उभी राहून हात हलवणारी. माणूस तोंड झाकून रडला. मांडीवर मीच होते, ओली झाले.

पण गावात यानं काय सांगितलेलं? पोरगी सुरतला शिवणकामाला आहे, तिलाच भेटून आलो. ती पुरुषांसोबत यंत्राखाली लोळते, हे भावकीत सांगायची लाज! आल्या आल्या मला माळ्यावर कोंबलं.

तिकडे मंत्र्यांचे सासरे-मेहुणे विमानातून फुकट फिरायला लागले. तेलवाल्यानं तेल बंद केलं. मालकानं पक्षी खरवडला न् विमान घेऊन गेला. दोन पावसाळे काही ती कंपनी जगली नाही. डिंपल घरी आली, मला खाली काढलं आणि सगळ्यांना खरं ते सांगितलं.

बन्सीलालचा मोठा भाऊ रुपचंद माझ्यावरची अक्षरं वाचून खो खो हसला. "वाच ना भो! बॅगवरच लिखेल शे, नई शे! कंपनीच नई शे!"

आमच्या अहिराणीत 'नई शे' म्हणजे 'नाहीच'. बठ्ठं गाव हसलं, न् बन्सीलालनं सुरतचं खोटं तसंच राहू दिलं.

मग नरडाण्याच्या एका कारखान्यात यंत्रं सांभाळायला माणूस हवा होता. डिंपल कंपनीचे कागद घेऊन गेली. सोबत बाप, आणि गाडी रुपचंदची म्हणून तोही. साहेबांनी आफ्रिकेला फोन लावला. बंद.

"कागद काय, कुणीही छापतं," साहेब म्हणाले. "तुला तिथे काम करताना कुणी पाहिलंय?"

डिंपलनं मला टेबलावर ठेवलं न् बापाकडे वळली. "नाना, सांगा ना."

बन्सीलालनं आधी रुपचंदकडे पाहिलं. मग जमिनीकडे.

"माले काय माहीत, साहेब? ती ते सुरतले व्हती."

डिंपल रडली नाही. मला उचलून बाहेर आली. पुन्हा कुठे काम मागायला गेली नाही. लग्न करून चोपड्याला गेली, तिथे सासरी केळीत राबते. दिवाळीला माहेरी आली तेव्हा तिच्या लेकीनं विचारलं, "आई, यावर काय लिहिलंय?"

"काही नाही. ठेव खाली."

तेव्हा माझा जीव गेला. आता माझ्यात म्हशीच्या खाण्याची ढेप भरतात. पक्ष्याचा रंग उडाला, चेन तुटली. फेकायचं तर फेका मला. पण लेकीचे कष्ट डोळ्यांनी पाहिले असतील तर चार माणसांत तोंड उघडा रे.

विमान मंत्र्यांनी बुडवलं, ते त्यांचं पाप. पण माझ्या डिंपलला जमिनीवर कुणी आदळलं? नाव घेऊनच सांगते.

बन्सीलाल.