पॉलिशपासून वाचलेली रायफल

मित्रांनो, घाबरू नका. माझ्यात गोळी नाही, कित्येक वर्षांपासून नाही. मी दुसऱ्या महायुद्धातली एक म्हातारी जर्मन रायफल आहे आणि सध्या टेक्सासमधल्या शुगर लँड गावी एका कपाटात राहते.

माझा जन्म जर्मनीतल्या एका कारखान्यात झाला. तिथे राबणारे बरेच जण स्वखुशीने आलेले नव्हते. त्यांनी माझी पोलादी नळी घडवली, तिला लाकडी दस्ता बसवला. माझ्या प्रत्येक भागावर एकच नंबर ठोकला आणि वर नाझी राजवटीचा शिक्का मारला. पुढच्या वर्षांबद्दल अभिमानाने सांगावं असं माझ्याजवळ काही नाही.

युद्ध संपलं आणि हरलेल्या सैनिकांनी आम्हाला एका मैदानात टाकलं. रायफलींचा ढीग एकीकडे, आणि गोळी आत सरकवणाऱ्या दांड्यांचा, म्हणजे बोल्टचा, दुसरीकडे. वॉल्टर नावाच्या अमेरिकन जवानाने मला उचललं आणि हाताला लागला तो बोल्ट बसवला. तो माझा नव्हता. मग मी त्याच्या लांबट पिशवीत मावेना, म्हणून त्याने माझ्या लाकडावरचं लोखंडी कडं सरकवलं आणि त्याखाली करवत चालवली. नळी सुटी, लाकडाचे दोन तुकडे, अशा अवस्थेत मी समुद्र ओलांडला. घरी आल्यावर त्याने तुकडे जुळवले, कडं परत चढवलं. काप झाकला गेला.

वॉल्टर पाहुण्यांना मला कौतुकाने दाखवायचा. तो गेल्यावर मी कपाटात पडले. एकदा त्याच्या मुलाने मला बंदुकांच्या एका दुकानात दाखवलं. दुकानदार म्हणाला, "बोल्टचा नंबर वेगळा आहे. सुटे भाग जोडून नंतर विकलेला माल दिसतो." घरी येऊन मुलगा बहिणीला म्हणाला, "डॉरथी, बाबांनी ही युद्धातून आणलीच नव्हती. विकत घेतली आणि आयुष्यभर थापा मारल्या." तेव्हापासून डॉरथीने वडिलांची गोष्ट कुणाला सांगितली नाही.

यंदा खंडेनवमीला शेजारच्या त्र्यंबककाकांना पूजेसाठी खरं शस्त्र हवं होतं. त्यांनी विचारलं आणि डॉरथीने बोल्टचा वेगळा नंबर, वडिलांची 'थाप', सगळं त्यांना एकदाचं सांगून मला देऊन टाकलं. काकांनी मला गॅरेजमध्ये नेलं, सँडपेपर काढला, व्हार्निशचा डबा उघडला. कडं सरकवताच त्यांना काप दिसला.

"अरेरे, तडा गेलाय! लांबी भरतो, कळणारसुद्धा नाही," असं म्हणून ते भेगा बुजवायची लांबी मळू लागले. माझ्या जिवाचं पाणी झालं. वॉल्टरची एकमेव खूण आता कायमची बुजणार होती, आणि मला तोंड नव्हतं.

तेवढ्यात त्यांची पुतणी देवयानी आली. ह्यूस्टनला ती धातूंवर संशोधन करते.

"काका, स्टॉप! आधी मला बघू दे!"

"अगं, देवापुढे अशी कळकट वस्तू ठेवायची?"

"ऐक तिचं," मालिनीकाकू आतून म्हणाल्या. "माझा बिडाचा तवा असाच घासून चकचकीत केलात. अजून धिरडी चिकटतायत!"

देवयानीने काकांकडून डॉरथीची हकीकत ऐकली, भिंग घेतलं, फोनवर शोधाशोध केली. "काका, हा तडा नाही. तडा असा सरळ जात नाही, या करवतीच्या रेघा आहेत. आतलं लाकूडही काळं पडलंय, म्हणजे काप जुना आहे. घरी परतणारे जवान बॅगेत मावावी म्हणून रायफल अशीच कापायचे. दुकानासाठी आलेला माल खोक्यांतून अख्खा यायचा, तो कोण कशाला कापेल?"

"आणि बोल्टचा नंबर?"

"शरणागतीच्या वेळी बोल्ट वेगळे काढून ठेवत. त्यामुळे अदलाबदल कॉमन होती. हंड्रेड परसेंट प्रूफ नाही म्हणणार मी. पण डॉरथींच्या वडिलांच्या गोष्टीशी सगळं जुळतंय, यार!"

काकूंनी जवळ येऊन शिक्का पाहिला. "हे आपलं स्वस्तिक नव्हे. माझ्या देवापुढे ही नको."

"घासून काढू?" काका आशेने म्हणाले.

"काहीही घासू नका!" दोघी एकदम ओरडल्या.

पूजेला काकांचं ड्रिल मशीन बसलं. मला वाईट वाटलं नाही, उलट हायसं वाटलं. मी पूजा करण्यासारखी नाहीच.

देवयानीने मला डॉरथीकडे परत नेलं आणि सगळं सांगितलं. डॉरथीने कापावरून हळूच बोट फिरवलं. मग भावाला फोन लावला. "बाबा खरं बोलत होते," एवढंच ती म्हणाली आणि रडता रडता हसली. पलीकडून आवाज आला, "रविवारी येतो. मलाही बघायचंय."

मित्रांनो, जुनी वस्तू हाती आली तर तिची धूळ पुसा, गंज वाढू देऊ नका. पण तिच्या जखमा बुजवण्याची घाई करू नका, आणि तिच्यावरचे डागही लपवू नका. मला चमकायचं नाही. मी कोण होते, कुठून आले, ते बघणाऱ्याला कळू द्या.