चंद्री कोणाची

सुंदराबाईचा नुसता जळफळाट चालला होता. गाढवी तिची, कानाला खुणेची चीर तिच्याच हातची. आणि ही चंद्री रोज सकाळी उभी कुठे राहायची, तर गावातल्याच इफ्फतच्या कुंपणाशी! वर इफ्फत तिला बादलीभर पाणी पाजायची. अंगाची लाही लाही होणार नाही तर काय?

दोन हजार चारच्या कोरड्या साली वलगावची वीटभट्टी बंद पडली, तेव्हा तिनंच चंद्रीला नदीच्या पात्रात सोडून दिलं होतं. तिथली मोकाट गाढवं पार रानटी झाली होती. आता सहा महिन्यांनी भट्टी पुन्हा पेटणार होती, आणि गाढव असेल त्यालाच काम, असं मालक सांगून गेला होता.

आठ दिवस ती दोर घेऊन नदीवर बसली. डोहाजवळ एक काळा नर ठाण मांडून होता. लिदीचे ढीग घालून हद्द आखायची, दुसरा नर आला की चावत सुटायचं, हाच त्याचा धंदा. माद्या मात्र आज इथं, उद्या तिथं. कोणाचं कोणाशी देणंघेणं नाही. चंद्री तर तिला पाहताच उधळायची. कोणालाच धरून नाही, मग ही भवानी इफ्फतलाच कशी धरून आहे? नक्की फितवली!

शेवटी ती तणतणत गेलीच.

"काहून वं इफ्फत, गूळ चारून माही गाढवी फितवून राहिली का?"

"मी काहून फितवू? थे माह्यासाठी येतच नाही. या न, सोताच पाहा."

कुंपणाआड शिंगरू बांधलेलं होतं. चंद्री फटीतून नाक घालून त्याला चाटत होती. चंद्रीचं हेच शिंगरू सुंदराबाईनं दुष्काळात चाऱ्याच्या दोन पोती कुटारावर इफ्फतच्या गळ्यात मारलं होतं. "चार दिवसांत इसरते माय," असं वर हसून म्हणाली होती.

इफ्फतनं दावं सोडून तिच्या हाती दिलं. "घेऊन जा. माह्याच्यानं रोज पाहवत नाही. कुटाराचं मंग पाहू."

सुंदराबाई शिंगरू घेऊन निघाली. चंद्री मुकाट मागे आली.

"आली का वं गाढवी?" शेजारच्या मनकर्णानं विचारलं.

"आली नं! माह्या मांगं-मांगं आली."

अंगणात तिनं बादली भरून चंद्रीपुढं धरली. चंद्रीनं ढुंकूनही पाहिलं नाही, वळून शिंगराची मान चाटू लागली. सुंदराबाईचा इफ्फतवरचा राग केव्हाच निवला होता. बादली धरून हात भरून आला, तरी ती तशीच उभी राहिली आणि त्या एवढ्याशा शिंगरावर जळत राहिली.