खाऱ्या पाण्यातली पूड

चीनमधल्या मिनछिनच्या वाळवंटाकाठी त्या सकाळी गोड्या पाण्याचा टँकर वेळेवर आलाच नाही. वाळू धरून ठेवणाऱ्या सोसो झुडपाची हजार रोपं ओल्या गोणपाटाखाली पडून होती आणि दुपारनंतर वारा सुटणार होता. पिंपात पूड कालवायचं काम च्याओ युलानकडे होतं. ही पूड पाणी पिऊन खळीसारखी दाट होते. लावण्याआधी मुळं त्यात बुडवली की रोपाला पहिले काही आठवडे तेवढीच ओल पुरते.

तिने घरच्या विहिरीचं पाणी ओतलं. खारं होतं, पण सोसो खाऱ्या मातीतच वाढतं, त्याला काय होणार, असा तिने विचार केला.

चार ओळी लावून झाल्या तेव्हा टँकर आला. नव्या पाण्यात टाकलेली पूड बघता बघता फुगून पिंपाच्या काठाला आली. युलानने सकाळच्या पिंपात हात घातला. तळाशी रव्यासारखी कणी, वर नुसतं पाणी. मीठ झाडाला चालत होतं, पुडीला नाही.

त्या चार ओळी तिच्याच घरामागच्या टेकाडावर होत्या. गेल्या हिवाळ्यात तिथली वाळू मेंढवाड्याच्या छपरापर्यंत चढली होती. गप्प राहिली असती तर कुणाला कळलंही नसतं. जूनमध्ये रोपं वाळली की सगळ्यांनी उन्हाला बोल लावला असता. वारा आताच डोक्यावरचा रुमाल ओढू लागला होता. लावणीच्या टोळीचा म्होरक्या तिचा दीर शौछंग. टँकरची वाट बघा, असं त्याने सकाळीच बजावलं होतं. ती त्याच्याकडे गेली.

"पहिल्या चार ओळी विहिरीच्या पाण्यातल्या आहेत," ती म्हणाली. "पूड फुगलीच नव्हती."

त्याने फावडं टेकवलं. "वहिनी, झाडं लावत होतात की लोणचं घालत होतात?"

रोपं लावणाऱ्या बायका हसल्या. तो हसला नाही. या वाऱ्यात मुळं उघडी पडली तर जगणारीही मरतील, असं तो म्हणाला. घर तुमचं, उपटायची की ठेवायची ते तुम्हीच सांगा.

टेकाडावर जाऊन युलानने एक रोप हातानेच उकरलं, नखाने मूळ खरवडलं. आत पांढरं, ओलसर. शेजारचं उकरलं. त्याचं टोक सुकू लागलं होतं.

"काढू," ती म्हणाली. "नव्या पाण्याचं पिंप इथे वर आणा. एक काढायचं, बुडवायचं, लावायचं, मगच दुसरं."

चढावर पिंप दोनदा वाळूत रुतलं. ते येईपर्यंत ती दोन्ही रोपं जाकिटाच्या आत धरून, वाऱ्याकडे पाठ करून बसून राहिली.