अंगठा माझा आहे

मशीनची सुई उजव्या अंगठ्यात आरपार घुसली, तेव्हा शिंपीणबाईंनी ती स्वतःच उपसली, चिंधी गुंडाळली आणि हातातली बाही पुरी केली. आठव्या दिवशी अंगठा टम्म सुजला, पू वाहू लागला.

"पेरापासून काढावा लागेल," सर्जन म्हणाले.

"मग कात्री कशी धरू?"

"जीव मोठा की कात्री?"

"दोन्ही. कापण्याआधी दुसरं काही करून बघा, मग बोला."

सर्जनांनी एक्स-रे पुन्हा उजेडात धरला. हाड अजून शाबूत होतं. "चार दिवस देतो. लाली मनगटाच्या वर चढली, तर तुमचं ऐकणार नाही."

"चढली तर मीच येईन."

ड्रेसिंगच्या खोलीत सिस्टरने इंजेक्शन दिलं, सडलेली कातडी खरवडून काढली आणि जंतू मारणारं औषध घातलेली हायड्रोजेलची, म्हणजे पाणी धरून ठेवणाऱ्या जेलीची, चकती जखमेवर बसवली. चकती थंडगार, ओलसर, आरपार दिसणारी. मग लालीच्या कडेने पेनाने रेघ मारली. "रोज या. रेघ ओलांडली, तर मात्र धावत या."

घरी दिरांनी तोंड वाकडं केलं. "जखम कधी ओली ठेवतात का? वारा लागला की खपली धरते. त्या पोरीने तुम्हाला शेंडी लावली, वहिनी."

"भावजी, अक्कल तुमच्यापाशीच असू द्या."

सासूबाई मात्र रडवेल्या झाल्या. "बोट गेलं तर गेलं, सून तरी राहील."

"सून राहील हो, शिंपीण नाही राहणार."

तिसऱ्या दिवशी ताप चढला. लाली रेघेच्या जराशी पुढे सरकली, तशा बाई कोणाला न सांगता दवाखान्यात जाऊन बसल्या. सिस्टरने चकती उचलली. ती अलगद सुटली, कातडीला चिकटली नव्हती. पू कमी होता. औषध वाढवलं, नवी चकती बसवली. चौथ्या दिवशी लाली रेघेपासून दोन बोटं मागे होती.

सर्जनांनी अंगठा उलटसुलट पाहिला. "नशीबवान आहात."

"नशीब कसलं? सिस्टर रोज राबली, मी रोज दात आवळून बसले."

ते हसले. कापायचा विषय निघाला नाही.

जखम भरायला सहा आठवडे गेले. अंगठ्याचं टोक बधिर झालं, नख वाकडं आलं. पहिला शर्ट बाईंनी तिरका कापला, दुसराही. गिऱ्हाईक म्हणालं, "राहू द्या आता, आराम करा."

बाईंनी स्वतःचं कापड काढलं आणि तिसरा बेतायला घेतला.